जमा डावीकडे, नावे उजवीकडे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

आपल्या गावचे दुकानदार काकाजी गेले, त्यांच्यावरचा तुझा लेख मिळाला. पहिल्यांदा नुसता वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन बसलो आणि विशेषणे मोजली. साडेतीन पानांत ३९ निघाली. त्यांत 'दानशूर' चारदा आहे, 'आधारवड' तीनदा आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात अपेक्षेप्रमाणे गावात 'कधीही न भरून निघणारी पोकळी' निर्माण झालेली आहे. लेखाला टाचणीने जोडलेल्या चिठ्ठीत मात्र एकही विशेषण नाही. तिथे तू लिहितेस की नाल्याकाठचे दोन एकर काकाजींनी तुझ्या बाबांकडून खरेदीखत करून घेतले होते, आणि तुझ्या नागपूरच्या वसतिगृहाचे पैसेही दोन वर्षे काकाजींनीच भरले. तेव्हा या माणसावर काय लिहावे हे तुला कळेनासे झाले आहे, आणि तेरवीच्या दिवशी त्यांच्या मुलाला स्मरणिकेसाठी शब्द तर देऊन बसली आहेस.

मुली, ती साडेतीन पाने फाडून टाक आणि चिठ्ठी जपून ठेव. लेख चिठ्ठीत आहे.

तू चांगले लिहितेस, धीर सोडू नकोस, असले काही मी इथे लिहिणार नाही. तुझ्या नववीच्या निबंधाच्या वहीत ते लाल शाईने लिहून झालेले आहे. हे पत्र लिहायला बसलो तो तुझा गोंधळ खरा वाटला म्हणून, आणि थोडा माझा स्वार्थ आहे म्हणूनही. आपल्या तालुक्यात गेलेल्या माणसांवर लिहिण्याचे आणि बोलण्याचे काम गेली तीस-पस्तीस वर्षे फिरून फिरून माझ्याकडे येत राहिले, आणि त्यातला बराच काळ मी ते वाईट केले. तू तेच करताना मला पाहवत नाही.

मास्तर होण्याआधी मी पाच वर्षे मुनीम होतो, हे तुला बहुधा ठाऊक नसेल. १९७४ साली दारव्ह्याच्या एका अडत दुकानात मी लागलो. थोरल्या मुनीमजींनी पहिल्या दिवशी रोजमेळाची वही पुढ्यात टाकली आणि सांगितले की डाव्या अंगाला जमा म्हणजे आलेले आणि उजव्या अंगाला नावे म्हणजे गेलेले, आणि चार गोष्टींशिवाय नोंद करायची नाही: कोणाची, कोणत्या तारखेची, किती आणि कशापोटी. यांतली एक जरी राहिली तरी ते ओळ खोडायला लावत. गोल रकमेचा त्यांना विशेष राग होता. कुठे सरळ शंभर लिहिलेले दिसले की ते चष्म्यावरून पाहत आणि विचारत, "पूर्ण शंभर? सत्त्याण्णव रुपये चाळीस पैसे असतील. बाकीचे कुठे गेले?" आणि दहापैकी सात वेळा ते सत्त्याण्णव रुपये चाळीस पैसेच निघत. मेळ बसला नाही तर रात्री दहा वाजेपर्यंत कंदिलापुढे बसवून ठेवत. दिवाळीला वहीपूजन झाले की त्याच वहीवर आम्ही हळदकुंकू वाहत असू. पण वर्षभर तिची जी भीती वाटे, ती देवाची कधी वाटली नाही.

विशेषण ही गोल रक्कम आहे. 'दानशूर' म्हणजे किती? कोणाला दिले? कोणत्या साली? कशापोटी? हे चार प्रश्न तुझ्या ३९ विशेषणांना विचार आणि उत्तर येईल तेवढीच ठेव. मी विचारून पाहिले. एकही टिकले नाही.

आता माझी गोष्ट ऐक, कारण हा धडा मी फुकट शिकलेलो नाही.

१९९१ साली आमच्या अडत दुकानाचे ते शेठ गेले. तोवर मी शाळेत लागून बारा वर्षे झाली होती आणि नागपूरच्या एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो, म्हणजे माझी गणना बोलणाऱ्यांत होऊ लागली होती. आपल्याकडची रीत तू पाहिली आहेस. चिता पेटली की मोक्षधामातच शोकसभा होते. लोक ओट्यावर, दगडावर, नाही तर निंबाच्या सावलीत उकिडवे बसतात, एक जण उभा राहून नावे पुकारतो आणि बोलणारा धुराकडे पाठ करून बोलतो. मी वीस मिनिटे बोललो. शेठ अजातशत्रू होते असे म्हणालो, ते गोरगरिबांचे कैवारी होते असेही म्हणालो. बायाबापड्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला फार बरे वाटले. परत येताना दुकानातले मापारी माझ्या बाजूने चालत होते. पाच वर्षे मी त्यांच्या शेजारी बसून वजने लिहिली होती. फाट्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, तुमी कोनाबद्दल बोलले जी? मले त शेठ दिसलेच नाई त्यात."

त्यांना काय दिसायला हवे होते, ते मला ठाऊक होते. वही माझ्याच हातची होती. एका वर्षी कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, अडले तेव्हा शेठांनी कोठार उघडून ६३ पोती ज्वारी गावात दिली होती. दिली ती सवाईने, म्हणजे तीन पोती नेली तर पीक आल्यावर पावणेचार परत करायची. त्याच हंगामात बाजारपेठेतले बाकीचे दिढीने देत होते आणि तिनाची साडेचार घेत होते. हा उपकार की धंदा? मला आजही सांगता येत नाही, आणि मोक्षधामातही सांगण्याची गरज नव्हती. ६३ पोती, सवाई, इतरांची दिढी, एवढे बोललो असतो तरी ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाने आपापला हिशेब केला असता. याच मापाऱ्यांचा अंगठा काट्याच्या पारड्याखाली चेंगरला तेव्हा शेठांनी दवाखान्याचे ८५ रुपये भरले होते आणि घरी बसल्याची ११ दिवसांची मजुरी कापली होती. दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत, माझ्याच अक्षरात. मापाऱ्यांना त्यांचे शेठ त्या पानावर दिसत होते. मी त्यांना मुकुट घातलेला कोणी तिसराच माणूस दाखवत होतो.

ते मापारी दोन वर्षांनी वारले. त्यांच्या शोकसभेला मला कोणी पुकारले नाही आणि मीही उठलो नाही, याची खंत अजून आहे. ती बाजूला ठेवतो.

तुझ्या लेखात काकाजी 'प्रसिद्ध व्यापारी' आहेत. आपल्या भागात व्यापारी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्यांच्यावर लिहिताच येणार नाही, आणि तुझ्या वयाच्या वाचकाला ते सांगावेच लागेल. वऱ्हाडातला व्यापारी कापसावर उभा राहिला. कारंज्याची कापसाची बाजारपेठ १८८६ सालची, देशातल्या पहिल्या नियंत्रित बाजारपेठांत गणली जाणारी; यवतमाळहून दारव्हा-कारंजा करत मूर्तिजापूरला पूर्वी जाणारी शकुंतला ही छोटी गाडीही गोऱ्या कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठीच घातली. काकाजींचे वडील त्या जगातले. काकाजींच्या हाती दुकान आले आणि ते जग बुडाले, कारण १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खाजगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याचा कापूस घेण्याची बंदी झाली. तीसएक वर्षे हे चालले. बंड्या खरेदी केंद्रावर रांगेत उभ्या राहत, बैल तिथेच कडबा खात, ग्रेडर बोंड हातात घेऊन भाव ठरवी, आणि चुकारा कधी मिळेल हे कोणालाच ठाऊक नसे. कापूस सरकारच्या गोदामात गेला आहे आणि घरात मीठ-मिरची नाही, अशा मधल्या महिन्यांत गाव जगत असे ते दुकानाच्या उचापतीवर, म्हणजे उधारीवर. काकाजींची अडत बसली आणि किराण्याची उचापत वाढली. मृगाला बियाण्याची उचल, पोळ्याला तेल-गूळ, दसऱ्याला कापड, आणि सीतादही, म्हणजे कापूस वेचण्याआधीची शेतातली पूजा, झाल्यावर पहिल्या वेच्याच्या पैशातून थोडी फेड. ज्याच्या वहीत गावातल्या पाच घरांपैकी चार घरांची नावे असतात, त्याला गाव सरपंच करते, बाजार समितीवर पाठवते, शाळेच्या समितीचा अध्यक्ष नेमते. त्यात प्रेम असतेच. शिवाय त्याच्याविरुद्ध मत देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात चहापत्ती मागायला जायचे असते, तेही असते. तू 'लोकनेते' हा शब्द लिहिला आहेस. त्याऐवजी उचापतीची वही लिही.

पुढे २००२ साली बीटी कापूस आला आणि त्याच सुमारास खाजगी खरेदीही पुन्हा खुली झाली. काकाजींनी किराणा धाकट्या भावाकडे दिला आणि कृषी केंद्र काढले. घरची सरकी राखून पेरण्याचे दिवस तिथे संपले. दर मृगाला ४५० ग्रॅमची पिशवी विकत घेणे आले, आणि उचापतीच्या वहीत जिथे पूर्वी तीन अंकी रकमा होत्या तिथे पाच अंकी रकमा दिसू लागल्या. व्याज शेकडा दोन, महिन्याचे. वहीत त्याचे नाव 'दुकानखर्च' असे होते. तुझ्या बाबांचे खाते असे फुगत गेले. आपल्या जिल्ह्यातली किती घरे या वाटेने कुठवर गेली, हे तुला सांगायला नको.

नाल्याकाठच्या दोन एकरांबद्दल तू मला विचारतेस की लिहिणे कृतघ्नपणाचे होईल का. हा प्रश्न मला रागावण्याइतका चुकीचा वाटतो. कृतघ्नपणा विसरण्यात असतो. नोंदीत कसला आला? तुझ्या चिठ्ठीवरून मला एवढे कळले की खरेदीखत २००४ चे आहे, ते खरे तर गहाणापोटीच होते, आणि २००६ च्या दिवाळीआधी काकाजींनी मूळ रक्कम आणि अर्धे व्याज घेऊन जमीन तुझ्या बाबांच्या नावे परत करून दिली. पुढे तू अडखळतेस, कारण बाबा म्हणतात काकाजींचे मन मोठे होते आणि तुझा काका म्हणतो ते घाबरले होते. मुली, ते ठरवण्याचे काम तुझे नाही. त्या वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते, आपला जिल्हा त्यांत होता, आणि अवैध सावकारीची चर्चा तेव्हा कचेरीपासून चावडीपर्यंत सर्वत्र होती. काकाजींच्या पत्नीचे मोठे आजारपणही त्याच पावसाळ्यातले. त्या अंथरुणावरून "कोणाची जमीन ठेवू नका" असे म्हणत असत, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. तारीख लिही, रक्कम लिही, आणि त्या वर्षात आणखी काय काय घडत होते ते लिही. भीती किती आणि माया किती, याची बेरीज वाचकाला करू दे. तू 'मोठ्या मनाने जमीन परत केली' असे लिहिलेस की ती गोल रक्कम झाली, आणि 'कायद्याच्या धाकाने परत केली' असे लिहिलेस तरी ती गोल रक्कमच झाली.

आणि त्याच पानावर तुझे वसतिगृह लिही. किती रुपये होते? 'मदत केली' हे मला पुरत नाही. पावत्या शोध. पैसे रोख दिले की बाबांच्या हाती दिले की थेट नागपूरला भरले? परत मागितले का? ज्या माणसाने तुझ्या बापाची जमीन लिहून घेतली, तोच बारा-तेरा वर्षांनी त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरतो, तेव्हा त्याच्या मनात काय असेल, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामधली कोरी जागा काकाजींची आहे. ती तशीच राहू दे.

२०१७ चा प्रसंग तुझ्या लेखात कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त माणसे गेली. कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती, किडीने उच्छाद मांडला होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवून दिवसदिवस फवारणी चालली होती, आणि सालदाराच्या, म्हणजे सालाच्या बोलीवरच्या गड्याच्या, तोंडाला बांधायला दुपट्ट्यापलीकडे काही नव्हते. आपल्या गावचे दोन सालदार एका संध्याकाळी डोळे फिरवून पडले. काकाजींनी अर्ध्या गिऱ्हाइकाला थांबवून शटर ओढले, दोघांना आपल्या जीपमध्ये घातले आणि यवतमाळला नेले. दोन रात्री ते दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसून होते. मी तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांच्या धोतरावर ओकारीचे डाग वाळलेले होते आणि हातात अर्धा खाल्लेला पारले बिस्किटाचा पुडा होता. मला पाहून म्हणाले, "मास्तर, बाटल्या माह्याच दुकानातल्या आहेत. बिलावर सही माही आहे." दोघेही वाचले. त्यानंतर काकाजींच्या काउंटरवर हातमोजे आणि तोंडाला लावायचे मास्क टांगलेले दिसू लागले. हातमोजांचे ३० रुपये ते घेत, फुकट देत नसत, आणि कोणी घेतले नाहीत तर औषधही देत नसत. त्यावरून गिऱ्हाईक तुटले. पलीकडच्या फाट्यावरचे केंद्र त्या वर्षी चांगले चालले.

हा प्रसंग जमेत घालशील की नावे? मुनीमजी म्हणाले असते, दोन्हीकडे. बाटली विकली ही एक ओळ, जीप काढली ही दुसरी, आणि ३० रुपये ही तिसरी. 'परोपकारी' या शब्दात यांतली कुठली ओळ बसते ते मला दाखव, म्हणजे मी माझी पेन्सिल मोडून टाकतो.

तुझी आई म्हणेल की गेलेल्या माणसाचे वाईट बोलू नये. बरोबर आहे. वाईट बोलू नये, आणि खोटेही बोलू नये. ज्याला दोन्ही टाळायचे आहे त्याच्यासाठी आपल्याच मातीत एक उत्तम रीत आहे. ११ ऑक्टोबर १९६८ ला तुकडोजी महाराज गेले. तेव्हापासून दर वर्षी पुण्यतिथीला मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे जिथल्या तिथे उभी राहतात आणि मौन श्रद्धांजली वाहतात. मी दोनदा त्या गर्दीत उभा राहिलो आहे. एवढ्या माणसांतून फक्त एखादे लहान मूल रडल्याचा आवाज येतो. मिनिटसुद्धा गोल नाही बघ: पाच नाहीत, चार अठ्ठावन्न. बोलता येत नसेल तर असे उभे राहावे. बोलायचे ठरवले तर मग नोंद द्यावी. गाडगेबाबांचे घे. पेढी नदीजवळ, वलगावच्या वाटेवर, २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला. त्यांच्याबद्दल एकही विशेषण न वापरता बोलून बघ: हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या, पंढरपूरची धर्मशाळा, नाशिकची धर्मशाळा, आळंदीची धर्मशाळा. कुठे काही कमी पडले का?

काकाजी संत नव्हते आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. म्हणून तर त्यांची वही जास्त काळजीने लिहायला हवी.

आता तू म्हणशील की सरांना सांगायला काय जाते, गावात मला राहायचे आहे. तेव्हा ही दुसरी गोष्टही ऐक, जिच्यात मी नोंद बरोबर केली आणि तरी फसलो. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष गेले. मापाऱ्यांचे ते वाक्य डोक्यात होतेच. मी ठरवून दोन्ही अंगे लिहिली. शिक्षकाच्या जागेसाठी संस्थेत 'इमारत निधी' म्हणून काय घेतले जाई ते पहिल्या भागात लिहिले. त्याच अध्यक्षांनी आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी स्वतःची साडेतीन एकर बागायत दिली आणि १७ वर्षे दर रविवारी स्वतः भाजी पोचवली, हे दुसऱ्या भागात लिहिले. वर्तमानपत्रात जागा कमी पडली. कापला तो दुसरा भाग. सकाळी गावात अंक आला तेव्हा माझ्या नावाखाली नुसते नावेच नावे छापलेले होते. अध्यक्षांचा मुलगा त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. लग्नकार्याची पत्रिका येत नाही. बसमध्ये शेजारी जागा असली तरी तो उभा राहतो.

मी चुकलो असे मला वाटत नाही. लिहिलेले एकूण एक वाक्य खरे होते, आणि कात्री माझी नव्हती. भेटायला येणाऱ्यांना मी त्या लेखाची मूळ हस्तप्रत काढून दाखवतो, तुलाही दाखवली असेल. पण एवढे कबूल करतो की जमा आधी लिहायला हवी होती. मुनीमजींनी डावे अंग जमेला दिले त्याला काही कारण असेल. शिवाय त्या घरात सुतक फिटायच्या आधी मी ते छापायला पाठवले, याचीही मला आता लाज वाटते, नोंदीची वाटत नसली तरी. तुझी स्मरणिका वर्षश्राद्धाला निघणार आहे, म्हणजे तुझ्याजवळ वेळ आहे. घाई करू नकोस, आणि लेख लोकांच्या हातात पडायच्या आधी काकाजींच्या मुलाला समोर बसवून तो मोठ्याने वाचून दाखव. त्याला धक्का देऊन काही मिळवायचे नाही. तो मुलगा वाईट नाही. तेरवीच्या पंगतीत आलूवांग्याची भाजी तो स्वतः वाढत होता आणि सालदारांची पंगत सगळ्यांच्या आधी बसवली होती. बापाने सांगून ठेवले असेल, किंवा त्याला सुचले असेल. तो जमिनीची ओळ काप म्हणाला तर वाद घाल. दुसऱ्यांदा म्हणाला तर काप, त्याचा बाप आहे. पण कापलेल्या जागी 'उदार अंतःकरणाचे' असे काही भरायला तो सांगेल, तिथे अडून बस. वहीत कोरी ओळ चालते. खोटी ओळ चालत नाही, आणि या एका गोष्टीवर मी तुझे काहीही ऐकून घेणार नाही.

शाळेच्या दोन खोल्यांबद्दल तू 'भव्य वास्तू उभारली' असे लिहिले आहेस. तुझी चौथी त्याच खोलीत झाली आहे आणि पावसात टिनांच्या आवाजाने पाढे ऐकू येत नसत, हे तुला आठवत नाही का? ती टिने काकाजींच्या बंद पडलेल्या कापूस गोदामाची आहेत. टिने त्यांनी फुकट दिली आणि वाहतुकीचे भाडे ग्रामपंचायतीकडून वसूल केले. तेव्हा ग्रामपंचायतीत तेच सरपंच होते. हे सांगताना ते स्वतः हसत. लेखात तेही येऊ दे, हसण्यासकट.

माझे स्वतःचेही एक नावे त्यांच्याकडे आहे, ते सांगून टाकतो. १९८८ साली थोरलीच्या बारशाचा किराणा मी काकाजींकडून उचापतीवर आणला होता. ३४२ रुपये झाले होते. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, राहून गेले, मग लाज वाटू लागली, आणि मग विसरलो असे मी स्वतःला सांगत आलो. त्यांनी कधी मागितले नाहीत. एवढी वर्षे दर पोळ्याला मी गावात आलो की ते आपल्या गड्यांना बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, देता देता मला पान देत आणि म्हणत, "मास्तर, वही अजून आहे बरं." तेरवीला मी पैसे पाकिटात घालून नेले होते. मुलगा समोर आला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाकीट खिशातच राहिले. व्याज शेकडा दोनने लावले तर किती होतात, ते मी काढून पाहिलेले नाही. मुनीम असून काढलेले नाही.

बुधवारी दुकानात जाऊ नकोस, बाजाराचा दिवस असतो आणि मुलाला मान वर करायला वेळ नसतो. गुरुवारी सकाळी जा. बिले आता कॉम्प्युटरवर निघतात, पण मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांच्या वर जी लाकडी फळी आहे, तिच्यावर जुन्या वह्या लाल कापडात बांधून ठेवल्या आहेत. दर बासनावर सालाची चिठ्ठी आहे. तुझ्या बाबांचे खाते २००३ पासून सुरू होईल. आधी हात धुऊन जा, त्या खोलीत औषधाचा वास अजून आहे, आणि नाकाला रुमाल बांध. १९८८ चे बासन हाती लागले तर पान क्रमांक मला कळव.

तुझे,
सर